लिसबेतचा कोनाडा

रविवारी मिस्सेचा शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत झुल्मा उठून जाते. ब्रसेल्सजवळच्या आमच्या गावात याचं कुणाला काही वाटत नाही. तिला कॅफे उघडायचा असतो. पुरुषमंडळी चर्चमधून बाहेर पडतील तेव्हा 'दे लिंडे'चं दार उघडं हवं, शेगडी पेटलेली हवी आणि दगडी सुरईत लांबिक, आमच्या भागातली आंबट बिअर, ओतून ठेवलेली हवी. नाहीतर गावाला रविवार झाल्यासारखा वाटत नाही. आधीच्या फादरांनी एकदा प्रवचनात टोमणा मारला होता, "काही जणांना देवापेक्षा गिऱ्हाईक प्यारं." झुल्मानं त्याच दुपारी त्यांच्याकडे एक सुरई धाडून दिली. पुन्हा ते त्या विषयावर बोलले नाहीत.

म्हणून यंदा ईस्टरआधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सा संपून ऑर्गन थांबला तरी झुल्मा माझ्या शेजारी गुडघ्यांवरच राहिली, तेव्हा बाहेर जाणारा प्रत्येक जण वळून बघत होता.

"झुल्मा, माणसं थंडीत ताटकळतील गं," मी कुजबुजले.

"ताटकळू देत."

"मुळे कापायचेत अजून. पाव कापायचाय."

"इर्मा, सगळे कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठले, मी बसून राहिले. कुणाकुणाच्या ध्यानात आलं असेल?"

"सगळ्यांच्या," मी म्हणाले. चर्चमध्ये खोटं कसं बोलणार?

मी रविवारी तिच्याकडे मदतीला जाते, ताजं चीज लावून पावावर मुळ्याच्या चकत्या मांडते, भांडी विसळते. त्यामुळे ती का उठत नव्हती ते मला माहीत होतं. आज तिच्याबद्दल लिहायला बसले आहे ते त्यासाठीच. गावात आता जो तो आपल्या मनाची भर घालून सांगतो. झालं ते असं होतं.

झुल्माचा नवरा ओडिलॉन ग्यूझ नावाची बिअर बनवायचा. शेजारच्या गावच्या ब्रुअरीतून लांबिक आणायची, मागच्या शेडमधल्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरू द्यायची, मग जुनी आणि कोवळी चाखून चाखून एकत्र करायची आणि बाटलीत कोंडून आडवी निजवायची. हे काम सावकाशीचं, आणि ओडिलॉन तर सावकाशीचा बादशहा. त्याच्याविषयी म्हणायचे की तो बूट घालायला बसला की त्याची कोंबडी अंडं उबवून उठते. झुल्मा त्याला आयुष्यभर घाई करत राहिली. "अहो चला, गिऱ्हाईक बसलंय. अहो आटपा, मिस्सेची घंटा झाली." तो मान हलवायचा आणि पुन्हा पिंपाला नाक लावायचा. त्याच्या हातच्या ग्यूझचं कौतुक कुणी तोंडावर केलं नाही. आमच्याकडे ती रीतच नाही. पेला रिकामा करून पुढे सरकवला, की तेच कौतुक.

त्याचा जिवाभावाचा मित्र प्रॉस्पर. प्रॉस्परचं घर ओढ्याकाठी, सखल जागेत. तळघर खणायला गेलं की पाणी लागायचं. उतारवयात त्याला मुलगी झाली, लिसबेत. त्या वर्षी ओडिलॉननं जे मिश्रण केलं ते त्याचं त्यालाच इतकं साधलं, की तो बारशाच्या जेवणात उठून उभा राहिला आणि म्हणाला, "यातल्या बाटल्या पोरीच्या लग्नाला." एवढंच भाषण. मग दोघांनी मिळून त्या बाटल्या 'दे लिंडे'च्या तळघरात मागच्या कोनाड्यात निजवल्या आणि प्रत्येकीच्या वरच्या अंगाला चुन्याचा पट्टा ओढला. आमच्याकडे तसा ओढतात. बाटली कधी हलवावी लागली तर तेच अंग वर ठेवून पुन्हा निजवायची, म्हणजे खालचा गाळ ढवळत नाही. लेबल नाही, काही नाही. चुन्याचा पांढरा पट्टा हीच ओळख. त्या कोनाड्याला पुढे सगळे लिसबेतचा कोनाडाच म्हणू लागले.

निजवलेल्या बाटलीकडे तिच्या धन्यानं मधूनमधून बघायला जायचं नसतं. तसं केलं तर ठेवणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. प्रॉस्पर एवढी वर्षं दर रविवारी वर पत्ते खेळला, पण तळघराची पायरी एकदाही उतरला नाही.

लिसबेत मोठी झाली, ब्रसेल्सला इस्पितळात नर्स म्हणून लागली. तिशी ओलांडली तरी लग्नाचं नाव नाही. दरम्यान तिची आई गेली, आणि ओडिलॉनही गेला. त्याची गती तशीच राहिली. वर्षभर हळूहळू विझला.

त्यानंतर रविवार सोडला तर कॅफे ओस पडला. आणि मग हे प्रवासी यायला लागले. पाठीवर पिशव्या, हातात नकाशे, पायात चिखलाचे बूट. गावोगाव फिरून जुन्या पद्धतीची बिअर शोधत हिंडायचे. पहिल्यांदा आम्हाला हसूच आलं. तीर्थाला निघाल्यासारखे निघायचे आणि पोचायचे कुठे, तर झुल्माच्या लाकडी बाकावर. पुरुषमंडळी त्यांना 'यात्रेकरू' म्हणत.

त्यातला एक एर्कोले, इटलीतल्या तोरिनोचा घड्याळजी. त्याचा बाप एके काळी आमच्या लिंबुर्खच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. म्हणून एर्कोलेला आमची भाषा येते, पण लहान मुलाची. बाप निवर्तल्यावर तो बायकोला घेऊन दर वर्षी इकडे यायला लागला. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "इथल्या माणसानं केलेली आहे? जुनी?" झुल्माकडे तेव्हा ओडिलॉनची विकायची शेवटची बाटली संपून गेली होती. नाही म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण ती तळघरात गेली आणि वर आली तेव्हा तिच्या हातात चुन्याच्या पट्ट्याची बाटली होती.

मी मोरीपाशी उभी होते. बघितलं आणि पेले विसळत राहिले.

एर्कोलेनं घोट घेतला, डोळे मिटले. घड्याळ कानाला लावून ऐकावं तसा बसून राहिला. मग म्हणाला, "हे करणारा माणूस... त्याला घाई नव्हती."

झुल्मानं हातातलं फडकं खाली ठेवलं. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून तिनं नवऱ्याला टोचलं, तीच गोष्ट एक परका माणूस तिच्या दारात येऊन वाखाणत होता. त्या संध्याकाळी पाव झाकताना ती मला म्हणाली, "ऐकलंस ना, काय म्हणाला?" दुसऱ्या दिवशी पुन्हा, "इर्मा, तो काय म्हणाला गं नक्की?"

तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तोरिनोवाला परत आला. त्याच्या सांगण्यावरून आणखी कुणी सायकलवरून आलं. कुणी डेन्मार्कचं, कुणी जपानचं. प्रत्येक वेळी झुल्मा म्हणायची, "एकीनं काय होतंय." प्रत्येक वेळी पेल्यापाशी उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघायची. मिळालेले पैसे ती घरात ठेवायची नाही, चर्चमध्ये संत अँथनीच्या पेटीत टाकायची. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत. मी एकदा म्हणाले, "अगं, हरवणारी तूच की!" तर दोन रविवार माझ्याशी बोलली नाही.

आणि लिसबेतचं लग्न ठरलं.

ईस्टरआधीचा उपासकाळ सरत आला होता. प्रॉस्पर आडदिवशी, कोट घालून, कॅफेच्या मागच्या दारानं आला. मी बटाटे सोलत होते.

"झुल्मा, बस. नाही, उभीच राहा, मीही उभाच आहे. लिसबेतचं ठरलं."

"कुणाशी?"

"ट्राम चालवतो. चांगला आहे. जरा बोलतो जास्त." मग त्यानं टोपी काढली. "ईस्टरनंतर बार उडवायचा. ओडिलॉनच्या बाटल्या काढायची वेळ आली बघ. माझी बायको म्हणायची, ही पोर काही लग्न करत नाही, आपणच दोघं पिऊन टाकू. मी म्हटलं, हात लावशील तर बघ."

तो हसला. झुल्माही हसली. तिचं ते हसणं मला अजून आठवतं. दात दिसत होते, पण चेहरा जागेवर नव्हता.

कोनाड्यात एकच बाटली उरली होती.

त्यानंतर दोन दिवसांनी मी गेले तर झुल्मा सापडेना. तळघरात दिवा होता. उतरून बघते, तर ही बाई गुडघ्यांवर बसून पिठाच्या चाळणीतून काहीतरी चाळत होती. जवळ व्हॅक्यूम क्लीनरची फाडलेली पिशवी.

"हे काय चाललंय?"

"धूळ टाकतेय."

"जन्मभर धूळ झाडलीस, आणि आता चाळून टाकतेयस?"

"ओरडू नकोस. वर आवाज जातो."

तिनं दोन गावं पलीकडून नवी ग्यूझ विकत आणली होती. मोरीत भिजवून लेबलं सोडवली होती. अंगणातल्या भिंतीसाठी आणलेला चुना कालवून प्रत्येक बाटलीवर पट्टा ओढला होता, आणि ती एक खरी पुढे ठेवून मागे या सगळ्या निजवल्या होत्या. वरून धूळ.

"झुल्मा, हे पाप आहे."

"मला माहीत आहे ते पाप आहे. ते दिसतंय का, ते सांग. दिव्याकडून बघ."

"प्रॉस्परला सांगून टाक गं."

"फादरना सांगेन. फादर माफ करतील. प्रॉस्परला सांगितलं तर तो रडेल. फादर सोपे."

ती खरंच कबुलीला गेली. आमचे हल्लीचे फादर प्लासिद किन्शासाचे. बोलतात कमी, ऐकतात फार. ती जाळीपलीकडून उठून आली तेव्हा मी बाहेर जपमाळ घेऊन बसले होते. नेहमी कबुलीनंतर माणूस हलका दिसतो. ही आणखी वाकलेली दिसली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, लग्न झालं का? मी म्हटलं, नाही अजून. म्हणाले, मग बाटल्या कोनाड्यातच आहेत ना? म्हटलं, हो. म्हणाले, बाई, तू अजून करतेच आहेस. चालू असलेल्या कामाची माफी कशी देऊ?"

माफी मिळाल्याशिवाय कम्युनियन घ्यायचं नसतं, म्हणून झावळ्यांच्या रविवारी ती उठली नाही.

आम्ही दोघी कॅफेपाशी पोचलो तेव्हा गल्लीत माणसं पाय आपटत उभी होती. प्रत्येकाच्या कोटाला आशीर्वादाची हिरवी डहाळी खोचलेली. प्रॉस्पर सगळ्यांत पुढे.

"काय गं झुल्मा, आज देवानं धरून ठेवलं वाटतं? एवढी कसली पापं साठलीत?"

सगळे हसले. झुल्मानं कुणाकडे न बघता कुलूप काढलं.

शेगडी पेटली, सुरई आली, पत्ते पडले. मी मुळे कापत होते. तेवढ्यात दार उघडलं आणि एर्कोले आत आला, मागून त्याची बायको. यंदा ते ईस्टरसाठीच आले होते. तो सरळ झुल्माच्या गल्ल्यापाशी आला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या लहान मुलाच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झुल्मा! वर्षभर वाट पाहिली. ती मागच्या कोनाड्यातली. पांढऱ्या रेघेची. आहे ना अजून?"

प्रॉस्परनं हातातले पत्ते पालथे ठेवले.

"कुठला कोनाडा?"

झुल्मानं एर्कोलेच्या हातांतून आपला हात सोडवून घेतला.

"कुठला कोनाडा, झुल्मा?"

तिला अजूनही खोटं बोलता आलं असतं. परका माणूस, त्याची भाषा मोडकी. गोंधळ झाला म्हणायचं, हसून न्यायचं. मी सुरी धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, मरिया माते, हिच्या तोंडी शब्द घाल. कुठला शब्द, ते मलाही सांगता आलं नसतं.

झुल्मानं ॲप्रन सोडला. "चल खाली," ती प्रॉस्परला म्हणाली.

तो एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या पायऱ्या उतरला, आणि मी दिवा घेऊन मागे गेले. कोनाड्यापाशी पोचल्यावर त्याचा चेहरा उजळला. रांग जशीच्या तशी. धूळ. पांढरे पट्टे. तो म्हणाला, "घाबरवलंस की गं मला. आहेत की सगळ्या." आणि मागच्या रांगेतल्या बाटलीकडे हात पुढे केला.

"हात नको लावू, प्रॉस्पर. चुना ओला आहे. कोटाला लागेल."

तळघराच्या दमट हवेत तो वाळलाच नव्हता.

प्रॉस्परचा हात हवेतच राहिला. त्याला कळायला वेळ लागला नाही. चुन्याचा पट्टा ओला असेल तर बाटली कधीची, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तरी त्यानं अंगठा पट्ट्यावर ठेवला, उचलला, दिव्यापुढे धरला. पांढरा झाला होता.

"पुढची तेवढी खरी," झुल्मा म्हणाली. "बाकीच्या मी दिल्या. यात्रेकरूंना. एकेक करून. ते त्याला नावाजायचे, प्रॉस्पर. मी आयुष्यभर त्याला आटपा आटपा म्हटलं. मला ऐकायचं होतं."

तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं, असं झुल्मा मला नंतर म्हणाली. तो म्हणाला, "आणि धूळही टाकलीस."

"टाकली."

"कुठून आणलीस?"

"माझ्याच घरातली."

तो वर गेला. आम्हाला वाटलं, टोपी घेऊन निघून जाईल. पण तो एर्कोलेच्या समोरच्या बाकावर जाऊन बसला. एर्कोलेनं तोवर आजूबाजूच्या तोंडांवरून काहीतरी ओळखलं होतं. त्याची बायको त्याची बाही ओढत होती.

"तू प्यायलास," प्रॉस्पर म्हणाला. "ती माझ्या मुलीच्या लग्नाची होती. मी कधी चाखली नाही. तू चाखलीस."

एर्कोले उठून उभा राहिला. गोरामोरा झाला. "मला माहीत नाही. मी... पैसे..."

"पैसे खिशात ठेव. बस. कशी होती ते सांग."

आणि तो बिचारा घड्याळजी, आमच्या भाषेतले त्याला येत होते तेवढे शब्द वापरून, सांगायला लागला. सफरचंदाची साल म्हणाला. पावसानंतरचं गवत म्हणाला. शब्द संपले की हातांनी सांगायचा. बोट जिभेच्या टोकाला, मग मागे, मग छातीवर. मध्येच थांबून "माफ करा" म्हणायचा. प्रॉस्पर म्हणायचा, "पुढे सांग." सगळा कॅफे ऐकत होता. ओडिलॉनच्या ग्यूझविषयी एवढं बोलणं त्या खोलीत त्याआधी कधी झालं नव्हतं, आणि झुल्मा ते ऐकायला खोलीत नव्हती. ती तळघराच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

शेवटी प्रॉस्पर उठला. "लग्नाला ये," तो एर्कोलेला म्हणाला. "हेच लिसबेतला सांग. तिला तेवढं तरी मिळू दे."

मग तो तळघराच्या दारापाशी आला, कुलपातली किल्ली काढून आपल्या खिशात टाकली. "त्या नव्या बाटल्या हलवू नकोस," तो झुल्माला म्हणाला. "चुना वाळू दे. लिसबेतला मूल झालं तर बघू." आणि गेला.

ईस्टरच्या मिस्सेत झुल्मानं कम्युनियन घेतलं. फादरांनी आता माफी दिली होती, पण प्रॉस्परनं मनातली गाठ सोडली असं काही झालं नाही.

लग्नात ती एक खरी बाटली नवरानवरीच्या टेबलावर होती. लिसबेतनं बूच काढलं, ट्रामवाला नवरा एकदाचा गप्प झाला, आणि एर्कोले उठून आपलं मोडकंतोडकं सांगायला लागला. तो खास तेवढ्यासाठी आगगाडीनं परत आला होता, आणि बोलताना त्याचे कान लाल झाले होते. लिसबेतनं झुल्माकडे पेला नेला. "झुल्मा मावशी, घ्या ना घोटभर. काकांच्या हातची शेवटची."

"नको गं पोरी. माझ्या वाटणीची मी केव्हाच संपवली."

लिसबेत तिच्या गालाचा मुका घेऊन गेली. पोरीनं क्षमा केली होती, तिला फारसं वाटलंही नसावं. आजकालच्या मुली, बाटलीपेक्षा माणसं महत्त्वाची म्हणणाऱ्या. पण झुल्माला तिची क्षमा नकोच होती. ती सारखी प्रॉस्परच्या पाठीकडे बघत होती.

प्रॉस्पर अजून रविवारी येतो. जागा तीच, पत्ते तेच. तळघराची किल्ली त्याच्या खिशात असते. आता उन्हाळा आहे, यात्रेकरू येतात, पांढऱ्या रेघेची मागतात. झुल्मा सांगते, "किल्ली त्यांच्याकडे." ते प्रॉस्परकडे बघतात, तो नाही म्हणून मान हलवतो, ते सुरईतली लांबिक पितात आणि तीही चांगली आहे म्हणतात.

पण झुल्माचे बटाटेही तळघरातच असतात.

परवाच्या रविवारी ती त्याच्या टेबलापाशी गेली आणि हात पुढे केला. त्यानं पत्त्यांवरून नजर न उचलता किल्ली काढली. देता देता थांबला.

"बटाटेच ना, झुल्मा?"

सगळा कॅफे हसला. झुल्माही हसली. "बटाटेच," ती म्हणाली, खाली गेली, टोपलीभर घेऊन लगेच वर आली. कुलूप लावून किल्ली त्याच्यापुढे ठेवली. मग आम्ही दोघी सोलायला बसलो. तिनं एवढ्या जाड साली काढल्या की मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली.